वाऱ्याच्या पेटीचा सुतार

अनंता सुताराने चाळीस वर्षांत एकशे सात होड्या बांधल्या आणि आपण बसवलेला एकही सांधा पुन्हा उघडला नाही. हे तो स्वतः सांगत असे. कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत कुठेही चहाला टेकला की खाडीत उभ्या होड्यांकडे बोट करायचा. "ती निळी माझी. तिच्या मागची बी माझी. आत पानी शिरलंय का, मालकाला इचारा."

बायको रंगू लग्न होऊन वेळवाडीत आली तेव्हा हा आकडा चौदावर होता. पहिला मुलगा झाला तेव्हा एकतीस. सासू गेली तेव्हा साठाच्या पुढे. रंगूला साल विचारलं तर ती अडखळायची, होडी विचारली तर बरोबर सांगायची.

एकशे सातव्यानंतर मात्र आकडा थांबला. फायबरच्या होड्या आल्या. पलीकडच्या खाडीवरचा भागोजी, अनंताच्याच वयाचा आणि त्याच्याइतकाच चांगला सुतार, त्याने वेळेवर करवत टांगली आणि फायबरचा साचा आणला. मग एकदा मोटरसायकलवरून दारात येऊन म्हणाला, "अनंता, माझ्याकडं ये. घासायला मानूस पायजे."

"मी घासतो ते लाकूड," अनंता म्हणाला आणि आत गेला. चहा रंगूने दिला.

तेव्हापासून अकरा वर्षं तो देव्हारे, पाट, गणपतीची मखरं आणि लोकांच्या मोडक्या खाटा करत होता. हात रिकामा राहिला की घरात फिरायचा. रंगूची मांडणी दोन इंच डावीकडे हवी होती, पाट्याची जागा चुकली होती, मोरीची फळी तिरकी होती. काम नसलेला नवरा घरात आला की त्याला बायकोच्या स्वयंपाकघरातल्याच चुका दिसायला लागतात, हे रंगूने शेजारणीला सांगितलं होतं. थोरला हर्षद उरणला बंदरात लागला होता. तो फोनवर म्हणायचा, "आई, बाबांना माझ्याकडे पाठव." रंगू म्हणायची, "आन् मग तिथली क्रेन तिरकी हाय म्हनून कोन ऐकून घेनार?"

अशा दिवसांत, नाताळ झाल्यावर, फादर इनास घरी आले.

वेळवाडीचं चर्च लहान. पण त्याच्या माळ्यावर ऑर्गन आहे, नळ्यांचा, खरा. किनाऱ्यावरच्या इतर गावांत पायपेटी असते किंवा हल्ली विजेवरचा कीबोर्ड. हा ऑर्गन विलायतेत तयार झाला आणि आधी मुंबईच्या एका चॅपेलमध्ये होता. त्या लोकांनी मोठा घेतला तेव्हा वेळवाडीची जी माणसं मुंबईत आचारी, शिंपी, बँडवाले म्हणून होती, त्यांनी वर्गणी काढून जुना उचलला. पडावात घालून खाडीत आणला. नळ्या फुटू नयेत म्हणून भाताच्या पेंढ्यात गुंडाळल्या होत्या. समोर पितळेची पाटी आहे, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव होतं. पण गावातल्या बायकांनी दर शनिवारी ती चिंचेने इतकी श्रद्धेने घासली की नाव गेलं. १८८७ एवढं साल उरलं, तेही बोटाने चाचपून वाचावं लागतं.

दहा वर्षांपासून ऑर्गन मुका होता. फादरांनी मुंबईच्या जाणकाराला फोटो पाठवले. त्याने उत्तर दिलं, सगळा सुटा करून इकडे पाठवा, दोन वर्षं लागतील. ऑर्गन वाजवणाऱ्या फिलूबाय त्या वेळी सत्त्याहत्तरच्या होत्या. गावच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलेल्या. अनंतालाही त्यांनीच पाढे शिकवले होते. त्या फादरांना म्हणाल्या, "दोन वर्षांनी ऑर्गन येईल, मी नसेन. अनंताला विचारा. लाकूड त्याचं ऐकतं."

"होडी वेगळी, हे वेगळं," फादर अनंताच्या ओटीवर बसून म्हणाले. वय चाळीसच्या आत, बोलणं मऊ, पण शंका लपत नव्हती. "काका, जमेल?"

अनंताने फादरांना उठवून सरळ स्वयंपाकघरात नेलं. रंगू चुलीपुढे होती, तिला बाजूला सरकायला सांगून त्याने कपाटाचा खण दाखवला. "हा मी बांधला. माझं सगळं काम होडीसारखं, केस जानार न्हाय. लोकांच्या घरातले खण आषाढात अडकून बसतात. हा भर पावसात एका बोटानं उघडतो. इचारा हिला."

फादरांनी रंगूकडे पाहिलं.

"व्हय," रंगू म्हणाली, "उघडतो." आणि भाकरी उलटायला वळली.

काम अनंताला मिळालं.

दुसऱ्या दिवशी त्याने चर्चच्या पायरीबाहेर नारळ फोडला, चपला काढल्या आणि माळ्यावर चढला. चार दिवस त्याने कशालाच हात लावला नाही, नुसता बघत बसला. पाचव्या दिवशी जेवताना रंगूला ताटाच्या कडेने समजावून सांगायला लागला. मागे भाता, लोहाराचा असतो तसाच, पण खाटेएवढा. दांडा वरखाली केला की तो फुगतो. त्यातला वारा येतो तो नळ्यांच्या खाली ठेवलेल्या लांब पेटीत. पट्टी दाबली की पेटीतली एक झडप उघडते. पण तेवढ्याने नळी बोलत नाही. पेटीच्या वर चार लांब सागवानी पट्ट्या असतात, नळ्यांच्या एका रांगेला एक. प्रत्येकीला एकोणपन्नास भोकं. बाजूची मूठ ओढली की पट्टी बोटभर सरकते, भोकापुढे भोक येतं आणि ती रांग जागी होते.

"म्हंजे मूठ ओढायची ती रांग निवडायला, आन् बोट ठेवायचं सूर निवडायला," रंगू म्हणाली.

अनंता थांबला. त्याला हे समजायला चार दिवस लागले होते. "तसंच," तो म्हणाला आणि आमटी मागितली.

बोलणाऱ्या नळ्या एकशे शहाण्णव. काही शिसं-कथलाच्या, काही लाकडी. सगळ्यात मोठी अनंतापेक्षा उंच, सगळ्यात लहान शाळेच्या पेन्सिलीएवढी. समोरून दिसतात त्या सतरा. त्यांतल्या सहा नुसत्या शोभेच्या, त्यांच्यात वारा जातच नाही. मोठ्या लाकडी नळीत त्याला मूठभर जुना पेंढा सापडला, पडावातला. तो त्याने घरी आणून रंगूच्या हातावर ठेवला. तिने वास घेतला. "आपल्याकडचा न्हाय हा," म्हणाली. शंभर वर्षांनी पेंढ्याला कसला वास राहणार, पण अनंताला ते पटलं.

भात्याचं कातडं अलिबागच्या तबलेवाल्याने बदलून दिलं. झडपा अनंताने नव्या केल्या. सगळ्यात जास्त नुकसान त्या चार पट्ट्यांचं होतं, वाळवीने खाल्ल्या होत्या. जुन्या पट्ट्या काढताना त्याच्या लक्षात आलं, त्या फार सैल होत्या. पट्टी आणि नळ्या उभ्या असतात ती वरची फळी यांच्यामध्ये फट होती. फळीच्या टोकांखाली कागदाचे तपकिरी तुकडेही चिकटवलेले होते, इंग्रजी छापाचे. कुणीतरी कधीतरी ठिगळ लावलंय, असं म्हणून त्याने ते पटाशीने खरवडून टाकले. "इलायती मानूस, पन काम ढिलं," रंगूला म्हणाला. "वारा सगळा फटीतनं जात आसंल." त्याने हर्षदच्या लग्नाच्या वेळचं राखून ठेवलेलं जुनं सागवान काढलं, चार पट्ट्या केल्या आणि फळ्यांमध्ये अशा बसवल्या की केस जाणार नाही. होडीच्या फळीला फळी बसवतो तशा. शेवटी, लाकूड टिकावं म्हणून, पेटीला बाहेरून मुशी माशाच्या तेलाचा हात दिला. होडीला देतात तसाच.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये गावातली मांजरं होती. पहिल्या बाकापासून माळ्याच्या जिन्यापर्यंत. फादरांचं प्रवचन चालू असताना एक बोका पेटीला गाल घासत होता.

"नळ्या ऱ्हाऊ द्या," रंगू घरी म्हणाली, "मांजरंच गायला लागलीत." अनंताने तीन दिवस पेटी सोड्याने पुसली.

पण ईस्टरला ऑर्गन वाजला. फिलूबायंनी आठ दिवस त्याच्यासोबत बसून एकेक नळी सुरात लावून घेतली होती. त्या खालून ओरडायच्या, "वर! अजून! थांब!" आणि अनंता पोरासारखा थांबायचा. त्या सकाळी त्यांनी चारी मुठी ओढल्या आणि दोन्ही हात ठेवले. मागच्या बाकावर बसलेल्या रंगूला आवाज आधी कानात नाही, बाकाच्या लाकडात लागला. माणसं माना वळवून माळ्याकडे बघत होती. तिथे फिलूबायंच्या बाजूला अनंता भात्याचा दांडा मारत होता, घामाने निथळत, समोरच्या भिंतीवर नजर ठेवून. रंगूला कळलं, तो रडू नये म्हणून भिंतीकडे बघतोय.

तो उन्हाळा अनंताचा होता. अलिबागच्या वर्तमानपत्रात फोटो आला. त्याने तो लॅमिनेट केला आणि भिंतीला ठोकला, खिळा सरळ आहे की नाही हे तीनदा बघून. रंगूच्या मांडणीला कोणी दोन इंच सरकवत नव्हतं. तिलाही गावात वेगळी वागणूक मिळायला लागली. मासळी घ्यायला गेली की बायका म्हणायच्या, "काय गो रंगू, आता तुझा मालक इलायतेला जातो वाटतं." ती म्हणायची, "जाऊ दे की. माझ्या चुलीपुढनं तरी हलंल." पण घरी येताना तिची मान ताठ असायची.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी खालच्या सुरांची मूठ अर्धीच सरकली. पट्टी मध्ये थांबली, भोकं अर्धी झाकली गेली आणि मोठ्या नळ्या घशात काटा अडकल्यासारख्या घरघरायला लागल्या. फिलूबायंनी त्या दिवशी उरलेल्या तीन रांगांवर काम भागवलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक मूठ बसली. मग एक अंत्यविधी होता, म्हाताऱ्या बाईचा. शांत, हळू सुरांचं गाणं हवं होतं. आणि नेमकी सगळ्यात चिरकी रांग ईस्टरसारखी उघडी अडकून बसली होती. फिलूबायंनी दोन ओळी वाजवल्या, हात उचलले आणि उरलेलं गाणं लोकांबरोबर तोंडाने म्हटलं. शवपेटी बाहेर जाईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"काका, उघडून बघू या का?" फादरांनी विचारलं.

"माझा सांधा हाय तो," अनंता म्हणाला. "तो उघडत न्हाईत. तुमचं छप्पर गळतंय का बघा."

छप्पर गळत नव्हतं. मग त्याने खाऱ्या वाऱ्याला दोष दिला. पेटीखाली दोन मोठे दिवे लावून ठेवायला सांगितले, म्हणजे ओल धरणार नाही. वीज दिवसातून चारदा जायची. शेवटी त्याने विलायतेतल्या सुताराला दोष दिला. घरात त्याने पुन्हा मोरीची फळी तपासायला सुरुवात केली.

याच सुमाराला अलिबागकडच्या एका नव्या रिसॉर्टचा माणूस चर्च बघून गेला. त्याला समोरच्या सतरा नळ्या हव्या होत्या, स्वागतकक्षाच्या भिंतीला लावायला. चर्चच्या समितीत दोन तट पडले. शेवटी ठरलं, आठ सप्टेंबरला मारियेचा, येशूच्या आईचा, सण आहे. त्या दिवशी ऑर्गन नीट वाजला तर राहील. नाही वाजला तर समोरच्या नळ्या द्यायच्या, बाकीचं गोडाऊनमध्ये ठेवायचं आणि कीबोर्ड घ्यायचा.

हे रंगूला फिलूबायंनी सांगितलं, बाजारात, दोघींच्या हातात पिशव्या असताना. "मी कीबोर्डवर बसणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याला वारा नसतो. आणि रंगू, तुझ्या नवऱ्यानं एकदा स्वतःचं काम उघडावं. मी शाळेत त्याची पाटी कितीदा पुसायला लावली, तेव्हा कुठे त्याला तेराचा पाढा आला."

रंगू घरी आली ती कपाटासमोर उभी राहिली. एक गोष्ट तिने सत्तावीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, अनंता सुपारी कातरत बसला होता. बाहेर पाऊस धरलेला. रंगूने त्याच्याच हत्यारांतला स्क्रूड्रायव्हर आणला आणि कपाटापुढे बसली.

"काय गो करतेस?"

"बघा नुसतं."

खण तिने बाहेर ओढून जमिनीवर ठेवला. खणाच्या वरच्या आडव्या पट्टीचे चार स्क्रू ती एकेक करून सोडवत गेली. हात सराईत होता. अनंताचा अडकित्ता थांबला. पट्टी सुटली. तिच्या दोन्ही टोकांखालून रंगूने दोन चपटे, काळवंडलेले तुकडे काढले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. लग्नपत्रिकेचे होते. एकावर "शुभवि" एवढं वाचता येत होतं.

"तुमी हे कपाट केलंत त्या पहिल्या पावसात खण असा अडकला की मी महिनाभर मसाला दुसऱ्याच्या घरनं आनला," ती म्हणाली. "तुमाला सांगितलं. तुमी म्हनालात, लाकूड पानी पितं, बसू दे. होडीला बसायला पायजे, खणाला न्हाय. तुमी होडीच्या कामाला गेलात तेव्हा मी स्क्रू काढले, शेजारच्या किशोरीच्या लग्नाची पत्रिका होती, दोन तुकडे कापून घातले. एका पत्रिकेएवढी फट. तेव्हापासनं उघडतोय."

अनंताने अडकित्ता खाली ठेवला.

"तुमी फादरांना खण दाखवलात तेव्हा मी व्हय म्हनाले. न्हाय म्हनायला पायजे व्हतं. चुकी माझी बी हाय."

सत्तावीस वर्षं तो खण प्रत्येक पाहुण्याला दाखवत आला होता. जावयाला, व्याह्यांना, गॅसच्या पाहणीला आलेल्या माणसाला. रंगूला वाटलं होतं तो ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ते तुकडे उचलले, अंगठा आणि नखाने जाडी पाहिली, परत ठेवले आणि पडवीत जाऊन बसला. संध्याकाळी चहा प्याला नाही. जेवताना अर्धी भाकरी ठेवली. रंगू पट्टी परत बसवून मोकळी झाली होती. तिने त्याला समजावलं नाही. नवऱ्याचा अभिमान दुखावला की बायका लगेच फुंकर घालायला धावतात, आणि तो तसाच राहतो, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"घरात पत्रिका किती हायत?" त्याने विचारलं.

पत्रिका पुष्कळ होत्या. वेळवाडीत कुणीच लग्नपत्रिका टाकून देत नाही, वर गणपती छापलेला असतो म्हणून. दाराआडच्या पिशवीत बारा-पंधरा वर्षांच्या साठल्या होत्या. रंगूने पिशवीच खांद्याला लावली. "मी येते. तुमी गणपतीवरनं कात्री फिरवाल."

चर्चमध्ये फादर होते. अनंता त्यांच्यापुढे गेला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "फादर, पेटी उघडतो." बास, एवढंच. फादरांनीही कारण विचारलं नाही, जिन्याचं दार उघडलं.

वरच्या फळ्या काढायला दोन दिवस गेले, कारण नळ्या आधी उतरवाव्या लागतात, त्यांच्या क्रमाने. अनंताने त्या चर्चच्या बाकांवर ओळीने निजवल्या. तिसऱ्या दिवशी पहिली पट्टी हाताला लागली. फुगून फळीला अशी धरून बसली होती की लाकडी हातोडीने मारून काढावी लागली. अनंताने ती उजेडात धरली. काम इतकं सुंदर होतं की त्याला क्षणभर वाईट वाटलं.

मग फळीच्या टोकाशी त्याचं बोट थांबलं. खरवडताना एका कोपऱ्यात जुन्या कागदाचा तपकिरी पापुद्रा राहून गेला होता. त्याने तो नखाने उचलला. वरून-खालून पाहिला.

"रंगू गो," तो म्हणाला. "हे ठिगळ नव्हतं. ही फट त्यानं ठेवलेली. इलायती सुतारानंच कागद घातलेला."

रंगू खाली बाकावर बसून पत्रिकांमधले गणपती कापून वेगळ्या रुमालात ठेवत होती. "मग त्याला बी बायको आसंल," ती म्हणाली.

माळ्यावरून हसण्याचा आवाज आला. महिन्याभरात पहिल्यांदा.

पत्रिका निवडणं हे वेगळंच काम निघालं. कोणाची जाड, कोणाची पातळ. जमीन विकून झालेल्या लग्नांच्या पत्रिका पुठ्ठ्यासारख्या, त्या मोठ्या नळ्यांच्या फळीखाली गेल्या. शाळामास्तरांच्या पोरींच्या पातळ, त्या दोन दोन लावाव्या लागल्या. अनंता नखाने जाडी बघायचा आणि रंगू वाचून सांगायची. "ही सलिलची. पाच वर्षांपूर्वीची. पोर झाली त्याला." "हिचा घटस्फोट झाला, हिची घालू नका." "का? कागद चांगला हाय." "घालू नका म्हनते ना." फादर जिन्यात उभे राहून ऐकत होते आणि मधूनच तोंड फिरवत होते.

पट्ट्यांना त्याने पेन्सिलीच्या शिशाची भुकटी चोळली. तीन वेळा बसवून तीन वेळा काढल्या. जास्त सैल झालं की वारा शेजारच्या नळीत शिरतो आणि ती आपोआप कुजबुजते. कमी झालं की पट्टी अडते. होडीत अशी जागा नसते. होडीत जितकं घट्ट तितकं चांगलं, पुढचं पाणी बघून घेतं. साठी उलटल्यावर अनंता पहिल्यांदा सैल बसवायला शिकत होता.

शेवटची फळी ठेवण्याआधी त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि फळीच्या आतल्या बाजूला लिहिलं. रंगूने बॅटरी धरली होती. ती सावकाश वाचते. तिने वाचलं: "अनंता सुतार, वेळवाडी. आधी घट्ट केलं, चुकलं. आता एका पत्रिकेची फट ठेवली आहे. पुढच्याने ती झीज समजू नये."

"अक्षर उतरतंय खाली," रंगू म्हणाली. "आन् पत्रिका घालायचं कुनी सांगितलं?"

"जागा संपली."

"फळी हातभर रुंद हाय."

त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली. ती काय आहे ते रंगूने कोणालाही सांगितलेलं नाही. फळी बसली, तिच्यावर नळ्या चढल्या, आता ती पन्नास-साठ वर्षांनी जो सुतार येईल त्यालाच दिसेल.

आठ सप्टेंबरला पाऊस होता. भाताच्या नव्या लोंब्या ओल्या फडक्यात गुंडाळून माणसं आली, आशीर्वादाला. पोरांनी मारियेच्या पायाशी तेरडा आणि जास्वंदीची ढीगभर फुलं टाकली. समितीतली माणसं पहिल्या बाकावर, रिसॉर्टचा माणूस दाराशी, छत्री न मिटता. फिलूबाय माळ्यावर बसल्या. त्यांनी मोठ्या नळ्यांच्या मुठीला हात घातला नाही, एक बोट लावलं, करंगळीजवळचं. मूठ बाहेर आली. त्यांनी अनंताकडे बघितलं. शाळेत पाढा बरोबर आल्यावर बघायच्या तसं. मग तीन वेगळ्या मुठी, उघडून, मिटून, पुन्हा उघडून, जणू गाणं नंतर, आधी हेच ऐका. आणि मग गाणं.

सणाच्या सगळ्या प्रार्थनेत त्यांनी दर कडव्याला रांग बदलली. हळू तिथे हळू, भरून तिथे भरून. पहिल्या बाकावरची माणसं एकमेकांकडे बघत होती. रिसॉर्टच्या माणसाने मध्येच छत्री मिटली आणि मागच्या बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकलं. जाताना त्याने समितीतल्या कोणाला गाठलं नाही.

प्रार्थना झाल्यावर अंगणातल्या मांडवात चहा आणि केक होता. भागोजी मुद्दाम पलीकडच्या खाडीवरून आला होता. भोवती सात-आठ जण, सगळे दर्यावरचे.

"वाजला की रे," भागोजी म्हणाला. "मला कुनी सांगितलं, मधी अडकला व्हता. पावसानं आसंल. ह्या वर्षी पाऊस लई लागला."

वाट मोकळी होती. पावसाचं नाव घेतलं असतं तर कोणी पुढे विचारलं नसतं. शेजारी उभ्या रंगूने बशी घट्ट धरली.

"पावसानं न्हाय," अनंता म्हणाला. "माझ्यानं. मी ती पेटी होडीसारखी बांधली. चूक झाली."

चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नव्हता.

"मग?" भागोजीने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, एका सुताराने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं.

"मग उघडली. फट किती ठेवायची ते हिनं दाखवलं. हिनं सत्तावीस वर्षांमागंच केलेलं घरात, मला न सांगता."

भागोजीने रंगूकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. रंगूला आजवर या माणसांनी चहा आणणारी म्हणून पाहिलं होतं. कुणीतरी "काय सांगता, वैनी?" म्हणालं. तिला लाजल्यासारखं करायला हवं होतं, बायका करतात तसं. तिने केलं नाही. ऑर्गन वाजला तेव्हा वाटला नव्हता एवढा नवऱ्याचा अभिमान तिला आत्ता वाटत होता, आणि थोडा स्वतःचाही. तो लपवावा असं तिला वाटलं नाही.

"एका पत्रिकेएवढी," ती भागोजीला म्हणाली. "पन जाड घ्यायची. मास्तराच्या पोरीची न्हाय."

चर्चच्या दारातून फिलूबायंची हाक आली. "अनंता! भात्यावर कोण आहे? लोकांना आणखी एक ऐकायचंय."

"जरा दम घेऊ द्या, बाई," अनंता म्हणाला. त्याचे खांदे दुखत होते, ते रंगूला दिसत होतं. तिने बशी भागोजीच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि अनंताच्या आधी जिना चढली. भात्याच्या दांड्याला दोन माणसांचे हात मावतात. तिने पुढची बाजू धरली.

"जोरात न्हाय," अनंता मागून म्हणाला. "सावकाश. भरू दे."

"कळतंय मला," रंगू म्हणाली, आणि दांडा खाली दाबला.